टेबलावर नीट, कमानीवर वेडीवाकडी: पिक्सेल पट्टीच्या लांब डेटा वायरचं निदान

गणपती जवळ आले की कोल्हापुरातल्या मंडळांकडून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. पिक्सेल एलईडीची, म्हणजे जिच्यातल्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो अशी, पट्टी घरी टेबलावर तासन्‌तास नीट चालली. गल्लीच्या तोंडाशी कमानीवर चढवली आणि ती आपल्या मनानं रंग उधळायला लागली. मधेच हिरवा झटका, मधेच अर्धी कमान पांढरीफटक, मग क्षणभर अंधार. कुणीतरी शिडीवर चढून वायर हलवतो, तेवढ्यापुरतं थांबतं, आरतीच्या वेळेला पुन्हा सुरू. पुढच्या वर्षी पट्टी नवी येते, कंट्रोलर नवा येतो, दुखणं मात्र तेच राहतं.

राजारामपुरीच्या तांत्रिक देखाव्यांची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. मोटरी आणि लिव्हर जुळवून मूर्ती हलवणारे हात इथं कमी नाहीत, आणि आता तेच हात पिक्सेल पट्ट्याही जोडतायत. अडचण तिथंच सुरू होते. मोटरला लांब वायर दिली तर ती फार तर जरा हळू फिरते. डेटा लाईनचं तसं नाही. ती एका मर्यादेपर्यंत बिनचूक चालते आणि त्या मर्यादेपाशी आली की कधी चालते, कधी नाही. म्हणूनच हा दोष इतका छळतो. माझं म्हणणं असं की अशा बहुतेक ठिकाणी पट्टीही चांगली असते आणि प्रोग्रामही. दोष मधल्या दहा-पंधरा मीटर वायरमध्ये असतो, आणि त्यातही डेटाच्या तारेपेक्षा तिच्या जोडीला असलेल्या, किंवा नसलेल्या, ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, तारेत जास्त असतो.

पुढचं सगळं ईएसपी३२ कंट्रोलर आणि ५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बी पट्टीला धरून लिहिलंय, कारण मंडपात हीच जोडी जास्त दिसते. एसके६८१२ पट्टीलाही जवळपास जसंच्या तसं लागू पडतं.

पट्टी नेमकं काय ऐकते

या पट्टीला डेटाची एकच तार असते, बिट कधी सुरू झाला हे सांगणारी वेगळी क्लॉकची तार नसते. एक बिट १.२५ मायक्रोसेकंदाचा. त्यात लाईन साधारण ०.४ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. सगळा अर्थ त्या वेळेच्या फरकात आहे. एका पिक्सेलला २४ बिट लागतात, आधी हिरव्याचे आठ, मग लालचे, मग निळ्याचे. पहिला पिक्सेल आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेले पुन्हा ताजे, सरळ कडांचे करून पुढच्याला देतो.

यातली शेवटची गोष्ट निदानाला फार उपयोगी आहे. प्रत्येक पिक्सेल सिग्नल नव्यानं घडवत असल्यामुळे पट्टीच्या आत, एका पिक्सेलकडून शेजारच्याकडे जाताना, डेटा सहसा बिघडत नाही. बिघडतो तो कंट्रोलरपासून पहिल्या पिक्सेलपर्यंत, किंवा जिथं दोन पट्ट्यांमध्ये लांब वायर टाकलीय तिथं. त्यामुळे शिडी लावण्याआधी खाली उभं राहून एकच गोष्ट नीट बघा: गडबड कितव्या पिक्सेलपासून सुरू होते? पहिल्यापासून असेल तर मधली वायर. चाळिसाव्यापासून असेल तर एकोणचाळीस आणि चाळीस यांच्यामधला सोल्डरचा डाग, किंवा त्या दोघांपैकी एक पिक्सेल. फक्त पहिलाच पिक्सेल हिरवा लुकलुकत असेल तर अगदी पहिला बिट चुकीचा वाचला जातोय, कारण तो हिरव्याचा सगळ्यात वजनदार बिट असतो.

पट्टीच्या शेवटाकडे पांढरा रंग पिवळट-तांबूस होत असेल तर तो डेटाचा दोषच नाही. तिथं व्होल्टेज पोचत नाही. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात. पट्टीला दुसऱ्या टोकाकडूनही ५ व्होल्ट द्या, तो विषय तिथंच संपतो.

दोन चाचण्या, बाकी सगळं त्यानंतर

पहिली: ब्राइटनेस १० टक्क्यांवर आणा. गडबड थांबली तर संशय पॉवर आणि ग्राउंडवर. तशीच राहिली तर सिग्नलच्या पातळीवर किंवा वायरवर.

दुसरी: कंट्रोलर उचलून पट्टीजवळ न्या आणि वीतभर वायरनं जोडा, बाकी काही बदलू नका. तरीही गडबड असेल तर लांब वायरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पट्टी, पॉवर सप्लाय किंवा प्रोग्राम तपासा. थांबली तर उत्तर वायरमध्येच आहे.

या दोन्ही चाचण्यांना मिळून फार वेळ लागत नाही, पण मंडपाच्या घाईत नेमक्या त्याच राहून जातात. एकाच वेळी वायर बदलली, रेझिस्टर घातला, सप्लाय हलवला आणि चालू झालं, तर नक्की कशानं चालू झालं ते कळत नाही. एक बदल, मग चाचणी, मग दुसरा बदल. रात्री अकरा वाजता पोरं डोक्यावर उभी असताना हे अवघड जातं, तरी याच क्रमानं जा.

ग्राउंड: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

नेहमीची रचना अशी असते: एसएमपीएस (२३० व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) आणि कंट्रोलर दोन्ही मंडपात स्टेजमागे, आणि तिथून कमानीपर्यंत १५ मीटर तीन तारा, पॉझिटिव्ह, ग्राउंड आणि डेटा. वायर १ स्क्वेअर एमएमची. दिसायला भरभक्कम वाटते. आता हिशोब करू.

१ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम. १५ मीटरला पाव ओहमच्या आसपास. डेटाशीटच्या हिशोबानं एक पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे नुसते ५० पिक्सेल ३ अँपिअर ओढू शकतात. पाव ओहममधून ३ अँपिअर गेले की पाऊण व्होल्ट त्या तारेतच पडतं. पॉझिटिव्हच्या तारेत पाऊण, ग्राउंडच्या तारेत पाऊण. पट्टीला ५ ऐवजी साडेतीन व्होल्ट मिळतात, हे कुणाच्याही लक्षात येतं. जे लक्षात येत नाही ते असं: पट्टीचं ग्राउंड आता कंट्रोलरच्या ग्राउंडपेक्षा पाऊण व्होल्टनं वर उचललं गेलंय.

पट्टी डेटा मोजते तो स्वतःच्या ग्राउंडपासून. कंट्रोलरनं ३.३ व्होल्ट पाठवले तरी पट्टीला ते २.५५ वाटतात. कंट्रोलरनं शून्य पाठवलं की पट्टीला ते उणे पाऊण व्होल्ट वाटतं, आणि डेटाशीटमध्ये डेटा पिनला उणे अर्ध्या व्होल्टपर्यंतचीच मुभा आहे. वर ‘एक’ म्हणून ओळखायला पट्टीला स्वतःच्या सप्लायच्या ७० टक्के व्होल्टेज लागतं, म्हणजे साडेतीन व्होल्टवर साधारण २.४५. २.५५ आणि २.४५ यांच्यात उरलं काय? एवढ्याशा फटीवर कमान चालत असते. इफेक्ट बदलून करंट जरा हलला की फट बंद. काळ्या-निळ्या इफेक्टवर छान चालणारी पट्टी पांढऱ्या स्फोटाच्या इफेक्टवर नेमकी का बिघडते, त्याचं कारण हेच.

मोजायला मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक कंट्रोलरच्या जीएनडी पिनला, दुसरं लांब वायर जोडून पट्टीच्या ग्राउंड पॅडला, आणि पूर्ण पांढरा रंग लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ च्या वर असेल तर बाकी काहीही करण्याआधी हे सुधारा.

सुधारायचं कसं? जाड वायर टाकून काही अंशी सुधारतं. २.५ स्क्वेअर एमएमला रोध अडीच पट कमी होतो. पण खरा उपाय रचना बदलण्याचा आहे. एसएमपीएस कमानीजवळ न्या. पट्टीचा जड करंट हात-दीड हात वायरमध्येच फिरू दे. कंट्रोलर मंडपात राहिला तरी त्याच्यापासून कमानीपर्यंत फक्त डेटा आणि तिच्या जोडीचं ग्राउंड जाऊ दे. त्या ग्राउंडमधून मग जवळपास काहीच करंट जात नाही, आणि दोन्ही टोकांची शून्याची पातळी एक राहते.

दोन एसएमपीएस असतील तर दोघांचे डीसी निगेटिव्ह एकमेकांना जोडा, पॉझिटिव्ह जोडू नका. जिथं एका सप्लायचा भाग संपतो तिथं पट्टीवरची ५ व्होल्टची तांब्याची रेघ कापा, ग्राउंड आणि डेटा सलग ठेवा. एसएमपीएसवरचा अर्थिंगचा टर्मिनल आणि डीसी निगेटिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाचं ग्राउंड अर्थिंगला लावून काम भागत नाही. आणि अर्थिंग वगळूही नका. एसएमपीएस कमानीवर म्हणजे २३० व्होल्ट कमानीवर, तेही भाद्रपदातल्या पावसात आणि लहान पोरांच्या गर्दीत. बंद पेटी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) यांच्याशिवाय ती लाईन चालू करू नये. हे काम मंडळाच्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

३.३ आणि ५ चा प्रश्न

ग्राउंड सुधारलं की पट्टीला पुरे ५ व्होल्ट मिळायला लागतात, आणि मग एक गंमतीदार गोष्ट घडू शकते: गडबड वाढते. कारण ५ व्होल्टवर ‘एक’साठी लागणारी पातळी ३.५ व्होल्ट होते, आणि ईएसपी३२ देतो ३.३. टेबलावर आखूड वायरवर बहुतेक पट्ट्या एवढ्यावर भागवून घेतात. १५ मीटरवर नाही.

इथं ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५ ही चिप लावा. तिला ५ व्होल्ट सप्लाय द्यायचा. ती २ व्होल्टच्या वरच्या इनपुटला ‘एक’ मानते आणि बाहेर ५ व्होल्टच्या सरळ कडा देते. विकत घेताना नावातला ‘टी’ तपासा. ७४एचसी२४५, म्हणजे ‘टी’ नसलेली चिप, दिसायला तीच असते पण तिलाही ३.५ व्होल्टच लागतात, त्यामुळे तिचा इथं उपयोग नाही. १२५ चिपची वापरातल्या चॅनेलची एनेबल पिन ग्राउंडला लावा, न वापरलेली इनपुटं मोकळी सोडू नका, तीही ग्राउंडला, आणि सप्लायच्या दोन पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

बाजारात चार चॅनेलचं एक छोटं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल स्वस्तात मिळतं, बीएसएस१३८ मॉस्फेटचं. लांब डेटा लाईनसाठी ते घेऊ नका. त्यात लाईन वर खेचायचं काम शेवटी १० किलोओहमच्या रेझिस्टरवर असतं. लॅन केबलच्या एका जोडीची धारकता (कपॅसिटन्स) मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड, १५ मीटरला ७५० पिकोफॅरड. १० किलोओहम गुणिले ७५० पिकोफॅरड म्हणजे ७.५ मायक्रोसेकंद. आपला अख्खा बिट १.२५ मायक्रोसेकंदाचा आहे. लाईन पाचपर्यंत चढायच्या आत पाच-सहा बिट निघून गेलेले असतात. आय-टू-सी पद्धतीच्या, कमी वेगाच्या सेन्सरला हेच मॉड्यूल उत्तम चालतं, म्हणून लोक विश्वासानं इथंही लावतात.

रात्री दुकानं बंद आहेत आणि चिप नाही, तर एक तात्पुरता मार्ग आहे. एक सुटा पिक्सेल कंट्रोलरजवळ ठेवा आणि त्याच्या ५ व्होल्टच्या तारेत १एन४००७ डायोड घाला. त्याला साधारण ४.३ व्होल्ट मिळतात, म्हणून त्याला ३ व्होल्टचा ‘एक’ पुरतो. तो पुढे ४.३ व्होल्टचा सिग्नल देतो, जो ५ व्होल्टच्या पट्टीला पुरतो. डब्ल्यूएलईडी (कंट्रोलरवर चालणारं तयार सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचे पिक्सेल वगळायची सोय आहे, तिथं १ टाका म्हणजे तो अंधारा राहील. त्याची आउटपुट ताकद मात्र बेताचीच असते, १५ मीटरची कायमची लाईन त्याच्या भरवशावर टाकू नये.

हातात धरली की थांबते

मंडपातल्या एका पोरानं मला विचारलं होतं, “दादा, वायर हातात धरली की थांबतंय, सोडली की पुन्हा चालू. अंगातनं करंट जातोय काय?” प्रश्न अगदी मोलाचा आहे. हात लावून जे थांबतं ते लूज कनेक्शन तरी असतं किंवा परावर्तन. वायर न हलवता नुसती मुठीत धरून थांबत असेल तर जवळजवळ नक्की परावर्तन.

सिग्नल केबलमधून मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. १५ मीटरला ७५. दाव्याला एका टोकाकडून झटका दिला की लाट खुंट्यापर्यंत जाते आणि आपटून मागे येते. तसंच इथं होतं. पट्टीची डेटा पिन जवळपास करंट घेतच नाही, म्हणून तिथं पोचलेली उडी मागे फिरते, कंट्रोलरपाशी येते, पुन्हा उलटी होऊन पुढे जाते. १५ मीटरवर हे हेलकावे सुमारे ३०० नॅनोसेकंदांचे पडतात, आणि शून्याचा बिट तर ४०० नॅनोसेकंदच वर असतो. म्हणजे हेलकाव्याचा खड्डा नेमका बिटाच्या पोटात येतो. पट्टीला एका बिटाच्या जागी दोन दिसतात, आणि तिथून पुढचे सगळे रंग एक घर सरकतात. मुठीत धरल्यावर हाताची धारकता त्या कडा किंचित बोथट करते आणि हेलकावे कमी होतात. चिप जितकी चांगली, कडा जितक्या तीक्ष्ण, तितका हा त्रास जास्त. म्हणून ७४एएचसीटी१२५ लावल्यावर काहींचं दुखणं बदलतं पण जात नाही.

उपाय साधा आहे: चिपच्या आउटपुटवर, कंट्रोलरच्या टोकाला, ६८ ते १०० ओहमचा रेझिस्टर डेटाच्या तारेत ओळीनं घाला. लॅन केबलच्या जोडीचा स्वभाव-रोध (कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स) १०० ओहम असतो, चिपचा स्वतःचा वीस-तीस ओहम; दोन्ही मिळून १०० च्या आसपास आले की परत आलेली लाट तिथं जिरते, पुन्हा पुढे जात नाही. टेबलावरच्या प्रयोगांत ३३० किंवा ४७० ओहम घालायची पद्धत आहे. आखूड वायरला ते ठीक. लांब वायरला ४७० घातला तर ७५० पिकोफॅरडबरोबर मिळून साडेतीनशे नॅनोसेकंदांचा उशीर तयार होतो आणि शून्याचा बिट वर चढायच्या आतच संपतो.

वायर कुठली? लॅन केबल, कॅट ५ई किंवा कॅट ६. नारिंगी तारेत डेटा, तिच्याच जोडीच्या पांढऱ्या-नारिंगीत ग्राउंड. एका पिळात दोन डेटा लाईन कधीही घालू नका; त्या एकमेकींत मिसळतात. दुसरी डेटा लाईन हवी असेल तर दुसरी जोडी घ्या, तिचं ग्राउंड तिच्याबरोबर. केबल घेताना टोक खरवडून बघा: आतून पांढरट दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, रोध सुमारे दीडपट आणि दोन-चार वेळा वाकवली की तुटते. डेटापुरती चालेलही, पण शिडीवर बसवायच्या कामाला मी ती घेत नाही.

ही केबल साउंडच्या आणि हॅलोजनच्या २३० व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच सुतळीत बांधू नका. हातभर अंतर ठेवा, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा. उद्यमनगरच्या बाजूला शेजारीच वेल्डिंग किंवा मोठी मोटर चालू असेल तर हा फरक लगेच दिसतो.

बफर चिप (७४एएचसीटी१२५), रेझिस्टर आणि पिळाची जोडी एवढं नीट केलं तर १० ते १५ मीटरपर्यंत माझा भरवसा आहे. त्याच्या पुढे ओढाताण करण्यात अर्थ नाही.

१५ मीटरच्या पुढे: आरएस-४८५

आरएस-४८५ या मानकात डेटा एका तारेवर न पाठवता दोन तारांवर उलटसुलट पाठवतात आणि दुसरं टोक फक्त त्यांच्यातला फरक बघतं. ग्राउंड जरा वरखाली झालं, बाहेरून काही घुसलं, तरी दोन्ही तारांत सारखंच घुसतं आणि फरक तसाच राहतो. हे मानक उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचं इकडंतिकडं सहन करतं. स्टेजच्या दिव्यांचं डीएमएक्स५१२ याच पायावर उभं आहे.

मॅक्स४८५ ची दोन मॉड्यूल घ्या, दोन्हींना ५ व्होल्ट द्या. कंट्रोलरकडच्या मॉड्यूलवर डीई (पाठवणं चालू करणारी पिन) आणि आरई (ऐकणं चालू-बंद करणारी पिन) दोन्ही ५ व्होल्टला, ईएसपी३२ ची डेटा पिन सरळ डीआयला, म्हणजे डेटा आत घेणाऱ्या पिनला. या चिपला २ व्होल्टचा ‘एक’ पुरतो, म्हणून वेगळा लेव्हल शिफ्टर लागत नाही. कमानीकडच्या मॉड्यूलवर डीई आणि आरई दोन्ही ग्राउंडला, आरओ या डेटा बाहेर देणाऱ्या पिनेतून ३३ ओहममधून पट्टीच्या डीआयला, आणि ही वायर वीतभरच. मधे लॅन केबलची एक जोडी, ए ला ए, बी ला बी, शिवाय एक ग्राउंडची तार. दूरच्या टोकाला ए आणि बी यांच्यात १२० ओहम लागतो. या मॉड्यूलवर तो बहुधा आधीच बसवलेला असतो, मल्टिमीटरनं मोजून खात्री करा.

चुका होतात त्या ठरावीक. कमानीकडची डीई पिन मोकळी सोडली तर मॉड्यूलवरचा रेझिस्टर तिला वर खेचतो आणि दोन्ही टोकं एकाच वेळी लाईनवर बोलायला लागतात. चिपला बोट लावा, चटका बसला तर हेच. ए-बी उलट लागले तर पट्टी गप्प तरी राहते किंवा भलतेच रंग दाखवते. बदलून बघा, नुकसान होत नाही. चिपवरचं नाव वाचा: मॅक्स४८५ सेकंदाला २५ लाख बिटांपर्यंत जाते आणि आपला ०.४ मायक्रोसेकंदाचा स्पंद त्यात बरोबर काठावर बसतो, पण मॅक्स४८७ आणि मॅक्स४८३ अडीच लाखांवर थांबतात, त्या इथं कामाच्या नाहीत. आणि दिशा आपोआप ओळखणारी मॉड्यूलही टाळा. ती फक्त ‘शून्य’ जोरानं पाठवतात आणि ‘एक’ रेझिस्टरच्या भरवशावर सोडतात. मीटर रीडिंगच्या वेगाला ते पुरतं, या वेगाला नाही.

अंतर याहून मोठं असेल, किंवा कमान चौकाच्या पलीकडे असेल, तर कंट्रोलरच कमानीवर न्या आणि त्याच्यापर्यंत इथरनेट न्या. १०० मीटरपर्यंत निर्धास्त. वाय-फायवर डेटा पाठवता येतो, पण गर्दीच्या रात्री हजारो मोबाइलमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर विसंबून राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑसिलोस्कोप नसेल तर

आठ-दहा पिक्सेलचा एक तुकडा कापून त्याला आखूड वायर आणि क्रोकोडाइल क्लिप लावून ठेवा. हेच तुमचं परीक्षण यंत्र. मुख्य पट्टी काढा, तुकडा आधी चिपच्या आउटपुटला लावा, मग केबलच्या दुसऱ्या टोकाला, मग पुढच्या जोडाला. ज्या ठिकाणी तुकडा पहिल्यांदा बिघडतो, त्याच्या आधीच्या भागात दोष आहे.

तुकड्यावर काय दाखवायचं तेही ठरवून दाखवा. सगळे बिट शून्य, म्हणजे नुसता काळा रंग, सतत पाठवत राहा. एखादा पिक्सेल चमकला तर शून्याचा एक वाचला जातोय: कडा लांबतायत किंवा बाहेरून काही घुसतंय. मग सगळे बिट एक, पूर्ण पांढरा. तुकडा लहान असल्यामुळे पॉवरचा प्रश्न मधे येत नाही. इथं रंग गळाले तर एकचा शून्य होतोय, म्हणजे पातळी कमी पडतेय. तिसरा नमुना मला सगळ्यात उपयोगी वाटतो: लाल शून्य, हिरवा शून्य, निळा फक्त १. हा इतका मंद असतो की अंधारातच दिसतो. हेलकाव्यामुळे एक बिट जास्त मोजला गेला की निळ्याचा तो शेवटचा बिट पुढच्या पिक्सेलच्या हिरव्याच्या पहिल्या घरात जाऊन पडतो, आणि १ चे एकदम १२८ होतात. मंद निळ्यात हिरवागार झटका. तो दिसला की परावर्तन पकडलं. फास्टएलईडी लायब्ररी वापरत असाल तर डिथरिंग (रंगाचे आकडे आपोआप किंचित वरखाली करणं) बंद करा, ब्राइटनेस पूर्ण ठेवा, नाहीतर १ चा आकडा १ राहत नाही.

जोड आणि पाऊस

पीळ देऊन टेप मारलेला जोड कोरड्यात चालतो आणि पहिल्या सरीनंतर रोध वाढवायला लागतो. डाग द्या, हीट श्रिंक चढवा. सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागा. पेटीत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

एवढं करूनही पहिलाच पिक्सेल चुकत असेल

ईएसपी३२ ऐवजी ईएसपी८२६६ असेल तर वाय-फाय बंद करून बघा. त्या चिपमध्ये डेटाची वेळ प्रोग्राम सांभाळत असेल तर वाय-फायचं काम मधे आलं की बिट लांबतो आणि ठरावीक अंतरानं एक झटका बसतो. डब्ल्यूएलईडीमध्ये त्या बोर्डावर जीपीआयओ३ किंवा जीपीआयओ२ पिन घेतली की हे काम हार्डवेअर करतं आणि झटके जातात.

वाय-फाय बंद करूनही तेच असेल तर पहिल्या पिक्सेलची डेटा पिन दुखावलेली असते. पट्टीची पॉवर बंद आणि कंट्रोलर चालू अशी अवस्था वारंवार झाली की पट्टी डेटाच्या पिनेतून करंट ओढायचा प्रयत्न करते, आणि त्यात पहिली चिप कमजोर पडते. तो पिक्सेल कापून टाका, दुसऱ्याच्या डीआय पॅडला डाग द्या, बाणाची दिशा बघा, आणि सेटिंगमधली पिक्सेलची संख्या एकनं कमी करा. पुढच्या वेळेपासून पट्टीची पॉवर आधी चालू आणि कंट्रोलर नंतर; बंद करताना कंट्रोलर आधी.